ऑस्करच्या सोहळ्यात कात्री कुणावर?

अमेरिकेतील अकादमी पुरस्कारांचे, म्हणजेच ऑस्करचे प्रक्षेपण 2029 पासून दूरचित्रवाणी वाहिनीऐवजी यूट्यूबवरून होणार, ही घोषणा डिसेंबर 2025 मध्ये झाली. तेव्हापासून सोहळ्याच्या बदलत्या स्वरूपाविषयी या सदराकडे येणारी पत्रे वाढली आहेत. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

स. न. वि. वि. ऑस्करचा सोहळा दरवर्षी काही ना काही बदललेला दिसतो. कधी सूत्रसंचालकच नसतो, कधी पुरस्कारांचा क्रम उलटसुलट होतो, कधी नवा विभाग जाहीर होऊन मागे घेतला जातो. शंभरीकडे निघालेल्या संस्थेला एक ठरलेला आराखडा का ठेवता येत नाही?
— एक निवृत्त शिक्षिका, मिरज

बाई, आराखडा ठरलेला होता, आणि तो आजच्या मानाने फारच सुटसुटीत होता. पहिला सोहळा 16 मे 1929 रोजी हॉलीवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात झाला. सुमारे 270 पाहुणे जेवायला जमले होते, पाहुण्यांसाठी तिकीट 5 डॉलरचे होते, आणि पुरस्कार वाटण्याचा प्रत्यक्ष कार्यक्रम साधारण पाव तासात आटोपला. निकाल तीन महिने आधीच जाहीर झालेले असल्याने उत्कंठेचा प्रश्नच नव्हता. सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेले एमिल यानिंग्ज तर आपली पुरस्काराची बाहुली आधीच घेऊन युरोपला परतले होते. एका व्यवसायातील माणसांनी एकत्र बसून आपल्यातल्याच काही जणांचे कौतुक करावे, एवढाच त्या संध्याकाळचा हेतू होता.

पुढच्याच वर्षी, 1930 मध्ये, सोहळा रेडिओवर गेला. खरा बदल मात्र 1953 मध्ये झाला. त्या वर्षी काही मोठ्या चित्रपट कंपन्यांनी सोहळ्याच्या खर्चासाठी नेहमीचा हातभार लावण्यास नकार दिला आणि अकादमीपुढे पैशाची अडचण उभी राहिली. तेव्हा एनबीसी या वाहिनीने प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी 1 लाख डॉलर देऊ केले, आणि 19 मार्च 1953 रोजी ऑस्कर प्रथमच दूरचित्रवाणीवर दिसला. लॉस एंजलिसमधील पँटेजेस थिएटरात बॉब होप सूत्रसंचालन करीत होते आणि त्याच वेळी न्यू यॉर्कमध्ये दुसरा मंच उभारलेला होता. ज्या दूरचित्रवाणीमुळे चित्रपटगृहे ओस पडू लागल्याची ओरड हॉलीवूड करीत होते, तिच्याच पैशावर हॉलीवूडचा सर्वांत मोठा समारंभ उभा राहिला, ही गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या व्यवहारातच आहे. प्रक्षेपणाचे हक्क हा अकादमीच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा भाग झाला. तिचे ग्रंथालय, चित्रपटांच्या जतनाचे काम, संग्रहालय या साऱ्यांना त्या एका रात्रीचा आधार असतो. म्हणजे सोहळा एकीकडे व्यावसायिकांचा आपसातला गौरव राहिला आणि दुसरीकडे जाहिरातदारांना विकायचा कार्यक्रम झाला. पहिल्या बाजूने पाहिले तर ध्वनिमुद्रकाचा पुरस्कार अभिनेत्रीच्या पुरस्काराइतकाच मोलाचा ठरतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर ध्वनिमुद्रक मंचावर आला की प्रेक्षक चहा करायला उठतो. दरवर्षी आपल्याला जो बदल दिसतो, तो या दोन बाजूंपैकी कुणाला किती द्यायचे याचा नव्याने केलेला हिशेब असतो.

हिशेब अलीकडे इतका वारंवार का करावा लागतो, हेही आकड्यांवरून कळेल. 1998 मध्ये, ‘टायटॅनिक’च्या वर्षी, अमेरिकेत साडेपाच कोटींहून अधिक लोकांनी हा सोहळा पाहिला होता. 2021 मध्ये ती संख्या 1 कोटीच्या थोडी वर, इतकी घसरली. 2025 मध्ये ती 1 कोटी 97 लाखांपर्यंत सावरली, पण जुने दिवस परत येतील असे वाहिन्यांनाही वाटत नसावे.

मी चित्रपट संकलनाचा विद्यार्थी आहे. 2022 मध्ये संकलनाचा पुरस्कार थेट प्रक्षेपणात दिला गेला नाही, असे आमच्या शिक्षकांनी सांगितले. हे नेमके कसे घडले? आणि पुन्हा तसे होऊ शकते का?
— एक विद्यार्थी, पुणे

आपले शिक्षक बरोबर सांगतात. आणि ही गोष्ट 2022 च्याही आधी सुरू होते. फेब्रुवारी 2019 मध्ये अकादमीने जाहीर केले की छायाचित्रण, संकलन, रंगभूषा-केशभूषा आणि कथात्मक लघुपट हे चार पुरस्कार जाहिरातींच्या विश्रांतीत दिले जातील आणि त्यांची संपादित दृश्ये नंतर दाखवली जातील. छायाचित्रण आणि संकलन वजा केले तर चित्रपटात उरते काय, असा प्रश्न मार्टिन स्कॉर्सेसी, क्वेंटिन टॅरँटिनो यांच्यासह अनेक नामवंतांनी जाहीरपणे विचारला आणि आठवडाही उलटण्यापूर्वी अकादमीने निर्णय मागे घेतला. त्या वर्षी छायाचित्रणाचा पुरस्कार मिळवणारे अल्फोन्सो क्वारोन हे स्वतः या विरोधात पुढे होते, त्यामुळे त्यांनी तो थेट प्रक्षेपणात स्वीकारला, याला वेगळे महत्त्व होते.

2022 मध्ये तीच कल्पना अधिक मोठ्या प्रमाणावर परत आली आणि या वेळी ती रेटून नेण्यात आली. संकलन, ध्वनी, पार्श्वसंगीत, कला दिग्दर्शन, रंगभूषा-केशभूषा आणि लघुपटांचे तिन्ही विभाग असे एकूण आठ पुरस्कार प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वीच सभागृहात दिले गेले आणि त्यांची कापलेली दृश्ये पुढे कार्यक्रमात पेरण्यात आली. त्या वर्षी ‘ड्यून’ला सहा ऑस्कर मिळाले, त्यांतील संकलन, ध्वनी, पार्श्वसंगीत आणि कला दिग्दर्शन हे चार याच आठांत होते. ज्या चित्रपटाने त्या रात्री सर्वाधिक पुरस्कार नेले, त्याचे बहुतेक यश घरच्या प्रेक्षकाने शिळे पाहिले. शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे येण्यापूर्वी हस्तकलेची बक्षिसे उरकून घ्यावीत, तसाच हा प्रकार झाला.

एवढे करून वेळ वाचला असता तर निदान चर्चेला जागा होती. सोहळा तरीही साडेतीन तासांहून अधिक लांबला. संकलकांच्या आभारातून कापलेली मिनिटे विनोद, गाणी आणि प्रेक्षकांच्या समाजमाध्यमांवरील कौलासाठी खर्च झाली. त्यातच विल स्मिथ यांनी ख्रिस रॉक यांना मंचावर थप्पड मारल्याने पुढचा सारा कार्यक्रम झाकोळला, ती गोष्ट वेगळी. आमचे मत स्पष्ट आहे: या कार्यक्रमात कापण्यासारखे पुष्कळ असते, परंतु आयुष्यात एकदाच मंचावर येणाऱ्या माणसाची पाऊण मिनिटे त्यात येत नाहीत.

2023 पासून सर्व विभाग पुन्हा थेट प्रक्षेपणात आले, आणि त्याचा लाभ लगेच एका भारतीय माहितीपटाला झाला. कार्तिकी गोन्साल्विस आणि गुनीत मोंगा यांच्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ला लघु माहितीपटाचा ऑस्कर मिळाला, आदल्या वर्षीचा नियम कायम असता तर तो क्षणही प्रक्षेपणाबाहेर गेला असता. अर्थात तेथेही घड्याळ आडवे आलेच. गोन्साल्विस यांचे बोलणे संपून मोंगा बोलू लागणार तोच वाद्यवृंद सुरू झाला आणि त्यांना न बोलता उतरावे लागले. भाषणासाठी साधारण 45 सेकंदांची मर्यादा असते, हे खरे. पण 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेले एड्रियन ब्रॉडी वाद्यवृंदाला थांबवून साडेपाच मिनिटांहून अधिक बोलले, आणि ऑस्करच्या इतिहासातील ते सर्वांत लांब भाषण ठरले. मर्यादा सगळ्यांना सारखी असते, असे म्हणणे त्यानंतर अवघड आहे.

पुन्हा तसे होऊ शकते का, या प्रश्नाचे उत्तर या पानावरील शेवटच्या पत्राशी जोडलेले आहे; ते तेथे वाचावे.

सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पूर्वी पाच नामांकने असत, आता दहा असतात. त्यामुळे नामांकनाची किंमत कमी झाली, असे आपणांस वाटत नाही काय?
— एक वाचक, नागपूर

दहा नामांकने ही मुळात जुनीच पद्धत आहे. 1930 आणि 1940 च्या दशकांत बरीच वर्षे दहा, एकदोनदा तर बारा चित्रपट या यादीत होते. 1945 च्या सोहळ्यापासून ती संख्या पाचावर आली आणि साठहून अधिक वर्षे तशीच राहिली. 2010 च्या सोहळ्यासाठी ती पुन्हा दहा करण्यात आली. आदल्या वर्षी समीक्षक आणि प्रेक्षक या दोघांनाही आवडलेल्या ‘द डार्क नाइट’ला या विभागात नामांकन मिळाले नव्हते आणि त्यावर बरीच टीका झाली होती, त्या टीकेचे हे उत्तर आहे, असेच सर्वांनी मानले. मधली काही वर्षे संख्या पाच ते दहा यांमध्ये बदलती ठेवली गेली आणि 2022 च्या सोहळ्यापासून ती पुन्हा नेमकी दहा झाली.

लोकांनी पाहिलेले चित्रपट यादीत आले तर लोक सोहळा पाहतील, असा यामागचा तर्क होता. 2010 मध्ये यादीत ‘अवतार’ होता आणि प्रेक्षकसंख्या 4 कोटींच्या वर गेलीही. पुरस्कार मात्र तिकीटबारीवर बेताचीच कमाई केलेल्या ‘द हर्ट लॉकर’ने नेला. यादी लोकांसाठी वाढवता येते, मत देणारे तेच राहतात. 2018 च्या ऑगस्टमध्ये अकादमीने ‘लोकप्रिय चित्रपट’ असा स्वतंत्र पुरस्कारच जाहीर केला, तेव्हा ज्यांच्यासाठी तो होता त्यांनाच तो दुय्यम दर्जाचा वाटला, आणि महिनाभरात तो बारगळला. समाजमाध्यमांवरच्या कौलाचा 2022 मधील प्रयोग त्याहून केविलवाणा ठरला, कारण एका दिग्दर्शकाच्या कट्टर चाहत्यांनी संघटितपणे मते टाकून त्यातील दोन्ही कौल त्याच्या चित्रपटांकडे खेचून नेले.

किमतीचे म्हणाल, तर संख्येपेक्षा मतमोजणीची पद्धत अधिक परिणामकारक ठरली, असे आम्हांस वाटते. दहा चित्रपटांत मते विभागली जाऊन थोड्या मतांवर कुणी जिंकू नये म्हणून 2010 पासून या एकाच विभागासाठी अंतिम फेरीत पसंतीक्रमाचे मतदान वापरले जाते. प्रत्येक सदस्य चित्रपटांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती देतो. कुणालाही निम्म्याहून अधिक पहिल्या पसंतीची मते मिळाली नाहीत, तर सर्वांत मागे असलेला चित्रपट बाद होऊन त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे वळतात, आणि कुणीतरी निम्म्याची रेषा ओलांडेपर्यंत हे चालू राहते. आपल्याकडील विधान परिषदेच्या निवडणुका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे नवे वाटणार नाही. या पद्धतीत काहींना अतिशय आवडलेला आणि काहींना मुळीच न आवडलेला चित्रपट अडखळतो. बहुतेकांच्या यादीत दुसरा-तिसरा असलेला चित्रपट पुढे सरकतो. दिग्दर्शनाचा पुरस्कार एकाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा दुसऱ्यालाच, असे 2010 नंतर अनेकदा घडले, त्याचे एक कारण येथे असावे.

बंद लिफाफ्याची प्रथा पहिल्यापासून होती का? 2017 मध्ये चुकीचे नाव वाचले गेले, तेव्हा काय घडले होते?
— एक वाचक, बेळगाव

नव्हती. सुरुवातीची काही वर्षे निकाल वृत्तपत्रांना आधीच कळवले जात आणि रात्री अकरापूर्वी ते छापू नयेत असा संकेत असे. 1940 मध्ये लॉस एंजलिस टाइम्सने संध्याकाळच्या आवृत्तीतच निकाल छापले. समारंभाला येणारे पाहुणे ते वाचूनच आत आले. त्याच्या पुढच्या वर्षापासून, 1941 मध्ये, सीलबंद लिफाफा आला. म्हणजे सोहळ्यातील सर्वांत नाट्यमय वस्तू ही एका वृत्तपत्राच्या घाईची देणगी आहे.

2017 मध्ये चूक झाली ती मोजणीत नव्हे, लिफाफा देण्यात. प्राइसवॉटरहाऊसकूपर्स या हिशेबतपासनीस संस्थेचे दोन प्रतिनिधी मंचाच्या दोन बाजूंना लिफाफ्यांचा एकेक पूर्ण संच घेऊन उभे असत. विजेत्याचे नाव जाहीर करायला आलेल्या वॉरन बेटी यांच्या हाती सर्वोत्कृष्ट चित्रपटाऐवजी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या लिफाफ्याची दुसरी प्रत गेली. त्यावर एमा स्टोन आणि ‘ला ला लँड’ ही नावे होती, आणि त्यांच्यासोबतच्या फे डनअवे यांनी चित्रपटाचे नाव वाचले. विजेता ‘मूनलाइट’ होता, हे भाषणे सुरू झाल्यावर कळले. त्यानंतर तिसरा प्रतिनिधी नियंत्रण कक्षात बसवण्यात आला आणि मंचामागे या मंडळींच्या मोबाइलवर बंदी आली.

सूत्रसंचालक नसला तर बिघडते कुठे?
— एक वाचक, ठाणे

फारसे नाही. केव्हिन हार्ट यांनी माघार घेतल्यावर 2019 चा सोहळा सूत्रसंचालकाविना झाला आणि तो आटोपशीर झाल्याचे बहुतेकांचे मत पडले. 2020 आणि 2021 मध्येही कुणी नव्हते. बिघडले ते 2021 मध्ये, आणि वेगळ्याच कारणाने. महासाथीच्या त्या वर्षी सोहळा युनियन स्टेशन या रेल्वे स्थानकात झाला आणि सोहळ्याच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या स्टीव्हन सोडरबर्ग यांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार आधी उरकून अभिनेत्याचा सर्वांत शेवटी ठेवला. दिवंगत चॅडविक बोसमन यांचे नाव जाहीर होईल, अशी सर्वांची अटकळ होती. नाव निघाले अँथनी हॉपकिन्स यांचे, ते वेल्समध्ये आपल्या घरी होते, आणि कार्यक्रम कुणाच्याही भाषणाविना तेथेच संपला. क्रम बदलण्यापूर्वी लिफाफ्यात काय आहे हे निर्मात्यांना ठाऊक नसते, ही साधी गोष्ट त्या रात्री विसरली गेली.

आमच्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना ऑस्कर मिळाला तो सोहळा आणि आजचा सोहळा यांत कोणता फरक आपण सांगाल? मराठी चित्रपटांना तेथे पुढे काय स्थान मिळाले?
— एक वाचक, कोल्हापूर

11 एप्रिल 1983 रोजी डोरोथी चँडलर पॅव्हिलियनमध्ये ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी भानूताईंना जॉन मोलो यांच्यासह पुरस्कार मिळाला. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. तेव्हा तांत्रिक विभाग वगळण्याची भाषा कुणी करीत नव्हते. पुढे 2012 मध्ये, आपल्यामागे बाहुलीची नीट देखभाल व्हावी म्हणून, त्यांनी ती अकादमीकडेच परत सोपवली.

आमच्या मते मोठा फरक मानद पुरस्कारांत पडला आहे. 1992 मध्ये सत्यजित राय यांनी कोलकात्याच्या रुग्णालयातील खाटेवरून केलेले भाषण मुख्य सोहळ्यातच दाखवले गेले होते. त्यानंतर महिन्याभरातच ते गेले. 2009 च्या नोव्हेंबरपासून मानद पुरस्कार वेगळ्या भोजनसमारंभात दिले जाऊ लागले. तेथे वक्त्यांना मनमोकळे बोलता येते, हा फायदा खरा. पण साऱ्या जगाने एकाच वेळी थांबून एखाद्या वृद्ध दिग्दर्शकाचे ऐकावे, तो योग मुख्य सोहळ्यातून गेला.

मराठीचे म्हणाल, तर भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे तीन चित्रपट गेले. अंतिम पाचांत त्यांपैकी एकही पोहोचला नाही. आशुतोष गोवारीकर या मराठी दिग्दर्शकाचा ‘लगान’ 2002 मध्ये तेथवर पोहोचला होता. तो सोहळा चार तास तेवीस मिनिटे चालला, आणि आजवरचा सर्वांत लांबलेला सोहळा म्हणून त्याची नोंद आहे.

आम्ही गोव्यातून दरवर्षी पहाटे उठून सोहळा पाहतो. यूट्यूबवर गेल्यावर आमच्यासारख्यांना आणि सोहळ्याच्या स्वरूपाला काय फरक पडेल?
— एक कुटुंब, मडगाव

पहाट टळणार नाही. सोहळा लॉस एंजलिसच्या रविवारी दुपारी चारला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाट. तेथील घड्याळे उन्हाळ्यासाठी पुढे केलेली असतील की नाही, यावर साडेचार की साडेपाच ते ठरते. 2029 ते 2033 या पाच वर्षांसाठी यूट्यूबशी झालेल्या करारानुसार सोहळा जगभर विनामूल्य पाहता येईल आणि अनेक भाषांतील ध्वनीची सोय असेल, असे जाहीर झाले आहे. त्यांत मराठी असेल का, यावर अवाक्षरही आलेले नाही. आमचीही तशी फारशी अपेक्षा नाही. मानद पुरस्कारांचा समारंभ आणि नामांकनांची घोषणा याही तेथेच दिसतील.

स्वरूपावरचा परिणाम वेळेतून येईल, असे वाटते. वाहिनीवर कार्यक्रम लांबला की पूर्व किनाऱ्यावर रात्री अकराच्या बातम्या अडतात आणि स्थानिक केंद्रे कुरकुरतात; म्हणूनच अलीकडे सोहळा तासभर आधी सुरू होऊ लागला. यूट्यूबला अकराच्या बातम्या नाहीत. तेव्हा आठ पुरस्कार आधी उरकण्याचे सर्वांत मोठे कारणच नाहीसे होते. मात्र त्या जागी दुसरे प्रलोभन येईल: सारा सोहळा दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत फिरवण्यासारखा रचायचा. तसे झाले तर ध्वनिमुद्रकाचे भाषण कापले जाणार नाही, पण फिरवलेही जाणार नाही. इंटरनेटवरचे थेट प्रक्षेपण निर्धोक असते असेही नव्हे. 2025 मध्ये हुलू या इंटरनेटवरील प्रक्षेपण सेवेवर सोहळा प्रथमच थेट दाखवला गेला, तेव्हा शेवटचे दोन पुरस्कार जाहीर होण्यापूर्वीच अनेकांचे प्रक्षेपण बंद पडले.

पुण्याच्या विद्यार्थ्याला हवे असलेले उत्तर त्याआधी, 2028 मध्ये मिळेल. तो शंभरावा सोहळा अजून एबीसी वाहिनीवरच आहे. 2026 पासून पात्रनिवडीचा पुरस्कार आल्याने विभाग 24 झाले, आणि 2028 मध्ये साहसदृश्यांच्या आरेखनाचा पुरस्कार पहिल्यांदा दिला जाईल तेव्हा ते 25 होतील. शताब्दीच्या वर्षी जुन्या आठवणींच्या चित्रफिती लावण्याचा मोह कुणालाही होणार, आणि रात्री अकराच्या बातम्या तेव्हाही अकरालाच असतील.